चित्राखालची सही

विनोदी वाङ्मय वऱ्हाडास परके नाही. आम्ही ज्या तेल्हाऱ्यास बसून हे लिहीत आहोत त्याच्या पश्चिमेस संग्रामपूर मागे टाकून पुढे गेले की जळगाव जामोद लागते. मराठी विनोदी लेखनाचे जनक म्हणून ज्यांचा उल्लेख सर्वत्र होतो त्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी (१८७१-१९३४) आपली वकिली ज्या गावी वर्षानुवर्षे केली, ते हेच जळगाव. ‘सुदाम्याचे पोहे’ या त्यांच्या लेखमालेतील सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट एका काळी घराघरांतले झाले होते. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी यांनी ‘बाळकराम’ या टोपणनावाने तीच परंपरा पुढे चालविली आणि ठकीसाठी वर शोधण्याची मोहीम काढून महाराष्ट्रास पोट धरधरून हसविले. पुढे चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आले, गुंड्याभाऊ आले, आणि काऊही आली.

या विनोदाचे ऋण अमान्य करण्याइतके आम्ही कृतघ्न नाही. कोल्हटकरांचा रोख रूढींवर व भोळसटपणावर होता, स्त्रीजातीवर नव्हता, हेही आम्ही जाणतो. तथापि या सर्व मंडळींकडे एकदा नीट पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. बोलणारे, फजिती करून घेणारे आणि त्या फजितीची हकीकत सांगणारे सारे पुरुष आहेत. ठकीचे रूप हा विनोदाचा विषय होतो. परंतु वर शोधणाऱ्या त्या मंडळींविषयी ठकीला काय वाटले, हे आपणांस कळत नाही. ठकीच्या हाती लेखणी असती, किंवा कुंचला असता, तर तिने कोणाचे चित्र काढले असते? प्रश्न गमतीचा दिसतो, पण त्याचे उत्तर इतिहासात शोधू गेले असता हाती बरेच काही लागते.

येथे कोणी म्हणेल की, आमच्या बायका मुळी विनोद करीतच नव्हत्या. हे म्हणणे ज्याने भुलाबाईची गाणी ऐकली आहेत त्यास पटणार नाही. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून आश्विनातील कोजागरीपर्यंत वऱ्हाडात व खानदेशात मुली ज्या भुलाबाईपुढे टिपऱ्या वाजवितात, तिच्या गाण्यांतून सासरच्या माणसांची जी खिल्ली उडविलेली असते ती कोणत्याही मुरलेल्या विनोदी लेखकास हेवा वाटावा अशी आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त तर नवऱ्याची, सासऱ्याची आणि मुख्यतः स्वतःची थट्टा अशा निर्मळपणे केली आहे की, तिला मराठीत तोड सापडणे कठीण. तेव्हा उणीव होती ती विनोदाची नव्हे. उणीव होती सहीची. भुलाबाईच्या गाण्याखाली कोणाचेही नाव नसते. लग्नात मुलीचे नवे नाव वर तांदळावर अंगठीने लिहितो, आणि पुढे जन्मभर ती उखाण्यात नाव घेते ते नवऱ्याचे. उखाणा हीदेखील विनोदी रचनाच आहे. परंतु जिने ती रचली तिचे नाव त्यात नसते.

छापील चित्राची गोष्ट निराळी असते. त्याच्या कोपऱ्यात सही असते, किंवा निदान असावयास पाहिजे. म्हणूनच हास्यचित्रांच्या ज्या पुस्तकांना आज सारे जग ‘कॉमिक’ म्हणते, त्यांच्या इतिहासात स्त्रियांच्या सहीचे काय झाले, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते. हा इतिहास मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेचा आहे. पण त्याचे एक टोक मुंबईपर्यंत येऊन पोहोचते.

आरंभ लंडनपासून करणे प्राप्त आहे. १८४१ साली तेथे निघालेल्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाची कीर्ती एवढी झाली की, आपल्याकडेही मुंबईस ‘पारशी पंच’, लखनौस ‘अवध पंच’ आणि ठाण्यास मराठीत ‘हिंदू पंच’ निघाले. कळसूत्री बाहुल्यांच्या इंग्रजी खेळात पंचची बायको जूडी असते. तेव्हा १८६७ साली त्या साप्ताहिकास प्रतिस्पर्धी निघाले त्याचे नाव ‘जूडी’ ठेवण्यात आले. त्याच वर्षी चार्ल्स रॉस या गृहस्थाने ‘जूडी’त ॲली स्लोपर नावाचे एक पात्र आणले. घरमालक भाडे मागावयास आला की गल्लीतून पसार होणारा हा आळशी, लबाड, लाल नाकाचा मनुष्य लंडनच्या सामान्य वाचकांच्या फार आवडीचा झाला. १८६९ च्या सुमारास त्याची चित्रे काढण्याचे काम एका तरुण स्त्रीकडे आले. तिचे मूळ नाव इझाबेल एमिली द तेसिये. जन्म १८४७ चा. रॉसची ही सहचरी रंगभूमीवर कामे करी, आणि चित्रांखाली ‘मारी द्युव्हाल’ अशी सही करी.

मारी द्युव्हाल हिने चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते, आणि ते तिच्या रेषेवरून दिसते. हातपाय प्रमाणात नाहीत, मागचा देखावा दोन फटकाऱ्यांत उरकलेला. परंतु पडणारा मनुष्य तिच्या चित्रात खरोखर पडतो, आणि मार खाणाऱ्याचे अंग खरोखर दुखते असे वाटते. नाटकवाल्यांच्या अंगी असलेले देहाचे भान तिने कागदावर आणले होते. १८७३ साली ॲली स्लोपरच्या चित्रमाला एकत्र करून एका शिलिंगास एक पुस्तक विक्रीस निघाले. इंग्लंडातील पहिले हास्यचित्रांचे पुस्तक म्हणून पुष्कळ अभ्यासक याचा निर्देश करतात. म्हणजे ज्या प्रकारास पुढे पोरांचा आणि पुरुषांचा समजण्यात आले, त्याच्या पायाच्या दगडांतच एका बाईची सही कोरलेली आहे.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १८८४ साली ॲली स्लोपरच्या नावाने एक स्वतंत्र साप्ताहिक निघाले, त्याचा खप अफाट वाढला, आणि त्यात चित्रे काढणारे कसबी पुरुष चित्रकार प्रसिद्धीस आले. मारी द्युव्हाल १८९० साली वारली. त्यानंतर शंभर वर्षे स्लोपरचा इतिहास सांगणारे बहुधा रॉसचे नाव घेत, नंतरच्या चित्रकारांचे घेत, आणि हिला फार तर एक ओळ देत. तिची शेकडो चित्रे ‘जूडी’च्या जुन्या अंकांत सहीसकट पडून होती, ती शोधून, एकत्र करून सर्वांस पाहावयास ठेवण्याचे काम या एकविसाव्या शतकात ब्रिटनमधील काही संशोधकांनी केले. सही पुसली गेली नव्हती. ती वाचावयास कोणी बसले नव्हते, एवढेच.

अमेरिकेत हा व्यवसाय वृत्तपत्रांच्या आश्रयाने वाढला. रोझ ओनील (१८७४-१९४४) हिची एक चित्रमाला १८९६ च्या सप्टेंबरात ‘ट्रूथ’ या नियतकालिकात आली. अमेरिकेत स्त्रीने काढून छापलेली ती पहिली चित्रमाला मानली जाते. १९०९ साली तिने ‘क्यूपी’ नावाची गुटगुटीत, डोक्यावर एक शेंडी असलेली बाळे चित्रांत आणली. त्यांच्या बाहुल्या जगभर विकल्या गेल्या आणि ओनीलबाई लक्षाधीश झाल्या. त्याच बाळांना हाती घेऊन त्यांनी स्त्रियांच्या मताधिकारासाठी भित्तिचित्रे काढली, हे मात्र बाहुल्या विकत घेणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसावे.

एडविना डम (१८९३-१९९०) हिची हकीकत याहून बोलकी आहे. १९१५ साली ती ओहायो प्रांतातील कोलंबस शहराच्या ‘मॉनिटर’ पत्रात राजकीय व्यंगचित्रे काढण्यासाठी पूर्ण वेळ नोकरीस लागली. अमेरिकेतील सर्व स्त्रियांना मताचा अधिकार राज्यघटनेने दिला तो १९२० साली. याचा अर्थ असा की, जिला राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी मत टाकण्याचा अधिकार नव्हता, ती राष्ट्राध्यक्षाची रोज टोपी उडवीत होती. पुढे १९१८ पासून ती एक मुलगा, त्याची आजी आणि त्याचा कुत्रा यांची विनोदी चित्रमाला काढू लागली, व ती जवळजवळ अर्धे शतक चालली. चित्राखाली ती नुसते ‘एडविना’ एवढेच लिही. स्वतःचे बायकी नाव उघडपणे लिहिणारी ती धीट खरी.

सर्वांनाच तसे करणे परवडले नाही. १९४० साली ‘ब्रेंडा स्टार’ ही वार्ताहर तरुणीची चित्रकथा सुरू करणाऱ्या डेलिया मेसिकने संपादकांच्या टेबलावर आपली चित्रे निदान उघडून पाहिली जावीत म्हणून आपले नाव ‘डेल’ असे केले, कारण त्यावरून बाई की पुरुष हे कळत नसे. दुसऱ्याच वर्षी ‘मिस फ्युरी’ सुरू करणाऱ्या जून टार्पे मिल्सने ‘जून’ हे नाव गाळून ‘टार्पे’ तेवढे ठेवले. या दोन्ही चित्रकथा विनोदी नव्हेत, साहसाच्या आहेत. परंतु सहीच्या इतिहासात त्यांचा उल्लेख टाळता येत नाही. मराठी वाचकांस यात नवल वाटू नये. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ बाहेर पडले तेव्हा ‘विभावरी शिरूरकर’ या नावाआड कोण आहे यावरून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले होते! मालतीबाई बेडेकरांनी टोपणनाव घेतले ते स्त्रीचेच, एवढा फरक. पण पडद्याची गरज दोन्हीकडे सारखीच होती.

आता ज्या पुस्तकांना खऱ्या अर्थाने विनोदी कॉमिक म्हणता येईल त्यांच्याकडे वळू. १९३५ सालच्या २३ फेब्रुवारीस ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या प्रतिष्ठित साप्ताहिकात एक चित्र आले. लग्नाची मिरवणूक चर्चमध्ये चालली आहे. पुढे एक लहान मुलगी आहे, तिने वधूच्या वाटेवर फुले टाकावयाची. आणि ती टाकते आहे केळ्यांच्या साली. ही मुलगी म्हणजे ‘लिटल लूलू’, आणि चित्राखालची सही ‘मार्ज’. मार्जोरी हेंडरसन ब्युएल (१९०४-१९९३) या फिलाडेल्फियाच्या बाईंनी आपल्या पहिल्या नावाचा अर्धा तुकडा एवढाच सहीसाठी ठेवला होता. ही चित्रे बहुधा एकेकटी आणि शब्दांवाचून असत.

या पहिल्या चित्रात किती काय आहे ते पाहावे. विवाहसोहळा, फुले, गोंडस बालिका, हे सारे साहित्य लाडिक चित्राचे आहे. त्या गोंडसपणाच्या आतच एक स्वतंत्र बुद्धीचे पोर उभे आहे. ते वाईट नाही, रागावलेलेही नाही. आपल्यावर सोपविलेली शोभेची भूमिका आपल्या पद्धतीने पार पाडीत आहे. येथे हसू मुलीला येत नाही, मुलीचेही होत नाही. हसू येते ते त्या समारंभाचे. ठकीच्या हाती कुंचला असता तर काय झाले असते, या आमच्या प्रश्नाचे एक उत्तर या चित्रात आहे असे आम्हांस वाटते.

१९४५ पासून डेल कंपनीने लूलूची रंगीत पुस्तके काढली. १९४८ पासून ती नियमित निघू लागली, आणि मुखपृष्ठावर नाव असे ‘मार्जची लिटल लूलू’. मौज अशी की, या पुस्तकांतील गोष्टी मार्जबाई लिहीत नव्हत्या, चित्रेही काढीत नव्हत्या. गोष्टी रचणारा होता जॉन स्टॅन्ली, आणि चित्रे पुरी करणारा अर्विंग ट्रिप. स्टॅन्लीने सुमारे चौदा वर्षे हे काम केले, आणि ते इतके उत्तम केले की, त्या काळच्या विनोदी कॉमिकांत त्यांची गणना पहिल्या पंक्तीत होते. टबी नावाच्या जाड्या मुलाच्या आणि त्याच्या सवंगड्यांच्या मंडळाच्या दारावर ‘मुलींस मज्जाव’ अशी पाटी असते. लूलू त्या पाटीस कधी वळसा घालते, कधी ती त्यांच्याच अंगावर उलटवते. आणि शेजारच्या हट्टी पोरास गप्प बसविण्यासाठी चेटकिणीच्या गोष्टी तेथल्या तेथे रचून सांगते.

या ठिकाणी आमच्या विवेचनास एक अडचण येते, ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लूलूच्या उत्तमोत्तम कथा जर पुरुषाने लिहिल्या, तर स्त्रीच्या हातचा विनोद म्हणून काही वेगळा असतो, हे म्हणणे टिकते काय? आमच्या मते, विनोदाला लिंग नसते हे खरेच आहे. केळ्याच्या सालीवरून पाय घसरणे स्त्री-पुरुषांस सारखेच. परंतु विनोदाला उभे राहण्याची एक जागा लागते. कोठे उभे राहून, कोणाच्या डोळ्यांनी पाहावयाचे, हे आधी कोणीतरी ठरवावे लागते. लूलूची ती जागा मार्जबाईंनी दहा वर्षे चित्रे काढून सिद्ध केली होती. स्टॅन्लीसारखा गुणी मनुष्य त्या जागी जाऊन उभा राहिला आणि त्याला तेथून सारे दिसले, यात त्याचा मोठेपणा आहे आणि तिचाही. पुरुषाला ती दृष्टी शिकता येते, ही तर आनंदाची गोष्ट; मात्र शिकविणारीचे नाव शिल्लक राहिले पाहिजे.

ते शिल्लक राहिले याचे कारण व्यावहारिक आहे. मार्जबाईंनी लूलूचे हक्क आपल्याकडे राखून ठेवले होते. त्या काळी बहुतेक चित्रकार आपली पात्रे कंपनीच्या स्वाधीन करून मोकळे होत. बाईंनी तसे केले नाही. जाहिराती, बाहुल्या, चित्रपट, पुस्तके, सर्वांवर त्यांची देखरेख असे, आणि १९७० नंतर निवृत्त होताना त्यांनी हक्क विकले ते आपल्या खुशीने. म्हणून मुखपृष्ठावर त्यांचे नाव वर्षानुवर्षे छापले गेले. उलट त्याच सुमाराची दुसरी गोष्ट पाहा. १९४५ साली ‘मिली द मॉडेल’ हे तरुण मुलींसाठी विनोदी कॉमिक निघाले. त्याचा पहिला अंक रूथ ॲटकिन्सन या चित्रकर्तीच्या हातचा. हे पुस्तक १९७३ पर्यंत चालले, दोनशेंवर अंक निघाले. परंतु पात्र कंपनीचे, आणि ते हातोहात इतरांकडे गेले. मिलीचे नाव लाखो मुलींच्या तोंडी होते. रूथबाईंचे नाव त्यांतल्या कितीजणींनी ऐकले असेल? सही टिकते ती कलेच्या जोरावर, असे आपण भाबडेपणाने समजतो. पुष्कळदा ती टिकते करारपत्राच्या जोरावर.

जॅकी ऑर्म्स (१९११-१९८५) हिच्या सहीपुढे आणखी एक भिंत होती. ती कृष्णवर्णीय होती. म्हणून गोऱ्यांच्या मोठ्या वृत्तपत्रांत तिला थारा नव्हता. तिची चित्रे ‘पिट्सबर्ग कूरियर’सारख्या कृष्णवर्णीयांच्या पत्रांतून येत. १९३७ साली तिने ‘टॉर्ची ब्राउन’ ही विनोदी चित्रमाला सुरू केली आणि १९४५ पासून अकरा वर्षे ‘पॅटी-जो आणि जिंजर’ ही एकचित्री मालिका चालविली. तिच्यात मोठी बहीण जिंजर अत्यंत देखणी व फॅशनेबल, पण चित्रात कधी बोलत नाही. बोलते ती धाकटी पॅटी-जो. वर्णभेद, शाळा, करांचा पैसा, राजकारण, या सर्वांवर ते पोर असे काही बोलून जाते की, थोर माणसांनी निमूट खाली पाहावे. पॅटी-जोची सुरेख बाहुलीही १९४७ साली निघाली. ज्या काळी काळ्या बाहुल्या म्हणजे केवळ विद्रूप सोंगे असत, त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. सरकारी गुप्त पोलिसांनी ऑर्म्सबाईंवर वर्षानुवर्षे पाळत ठेवून जाडजूड दप्तर तयार केले. इतिहासकारांच्या आधी त्यांची दखल गुप्त पोलिसांनी घेतली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता त्या ‘मुलींस मज्जाव’ या पाटीकडे पुन्हा वळू. कारण ती केवळ टबीच्या मंडळाच्या दारावर नव्हती. १९४६ साली अमेरिकेतील व्यंगचित्रकारांनी आपली राष्ट्रीय संस्था स्थापन केली. एडविना डम त्या वेळी तीस वर्षे या व्यवसायात होती, मार्ज घरोघर पोहोचली होती. तरी संस्थेत एकाही बाईस प्रवेश नव्हता. हिल्डा टेरी (१९१४-२००६) ही ‘टीना’ नावाची किशोरवयीन मुलींची विनोदी चित्रमाला काढीत असे. तिने १९४९ साली संस्थेस पत्र लिहिले. पत्राचा मतितार्थ असा की, एक तर आपण आपल्या संस्थेचे नाव बदलून ‘पुरुष व्यंगचित्रकारांची संस्था’ असे ठेवावे, नाहीतर आम्हांस आत घ्यावे. पुष्कळ वादावादी झाली, आणि १९५० साली हिल्डाबाईंना सभासदत्व मिळाले. पत्रात शिवी नाही, रडगाणे नाही. प्रतिपक्षालाच त्याच्या नावाची व्याख्या करावयास लावणारा विनोद आहे. लूलूनेही पाटी अशीच उलटविली असती.

यानंतर दिवस पालटतील असे वाटले होते, पण तसे झाले नाही. युद्धकाळात पुरुष सैन्यात गेल्यामुळे कॉमिकांच्या कारखान्यांत ज्या अनेक स्त्रियांना काम मिळाले होते, त्यांपैकी पुष्कळजणी युद्धानंतर घरी परतल्या. पुढे विनोदी आणि प्रेमकथांच्या पुस्तकांची जागा पराक्रमी पुरुषांनी घेतली. १९७० साली ट्रिना रॉबिन्स (१९३८-२०२४) आणि तिच्या सहकारिणींनी संपूर्णपणे स्त्रियांनी केलेले पहिले कॉमिक छापले. त्याच्या मुखपृष्ठावर जुन्या कॉमिकांतील नायिका मुठी वळून चालल्या आहेत आणि त्यांत चिमुकली लूलूही आहे. १९७२ पासून वीस वर्षे सॅन फ्रान्सिस्कोहून स्त्रियांचे एक कॉमिक निघत राहिले. परंतु आमच्या मते ट्रिनाबाईंचे खरे मोठे कार्य हे नव्हे. जुने अंक चाळून, वृद्ध झालेल्या चित्रकर्तींना भेटून, त्यांची चित्रे विकत घेऊन, त्यांनी या हरवलेल्या नावांचे इतिहासग्रंथ लिहिले. आज आम्ही येथे ही नावे लिहू शकत आहोत, ती मोठ्या अंशी त्या श्रमांची फळे होत.

आता मुंबईस येऊ. १९८२ साली तेथील ‘संडे ऑब्झर्व्हर’ या इंग्रजी साप्ताहिक पत्रात मंजुळा पद्मनाभन यांनी ‘सुकी’ नावाची चित्रमाला सुरू केली. सुकी ही शहरात राहणारी, मोकळ्या वृत्तीची, स्वतःशी आणि जगाशी हुज्जत घालीत राहणारी तरुणी. ती कोणाची सून नाही, कोणाची ठकी नाही. तिच्या विनोदाला नवऱ्याची गरज पडत नाही. पुढे ही मालिका दिल्लीच्या ‘पायोनियर’ दैनिकात आली आणि २००५ साली पुस्तकरूपानेही निघाली. १९८५ च्या सुमारास बंगळूरच्या एका सायंदैनिकात माया कामत (१९५१-२००१) यांनी ‘गीता’ ही घरगुती विनोदाची मालिका सुरू केली, आणि पुढे त्या रोजच्या राजकारणावर व्यंगचित्रे काढू लागल्या. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह मुंबईच्या ‘स्पॅरो’ या संस्थेत आला. १९८८ साली स्थापन झालेली ही संस्था स्त्रियांच्या जीवनाचे व कार्याचे दप्तर जपते. मारी द्युव्हालला जे भाग्य सव्वाशे वर्षांनी लाभले, ते मायाबाईंना काही वर्षांतच लाभले, याचे श्रेय त्या संस्थेस दिले पाहिजे.

मराठीकडे पाहिले म्हणजे मन थोडे खिन्न होते. हास्यचित्रांची आवड आपणांस कमी नाही. ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंक काढल्यापासून घरोघर जी प्रथा पडली, तिच्यात हास्यचित्रांचा वाटा मोठा आहे. शं. वा. किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रे काढीत आणि त्यांच्या ‘किर्लोस्कर’ मासिकाने हास्यचित्रांस मानाचे पान दिले. वसंत सरवटे यांनी मध्यमवर्गाचा आरसा धरला. शि. द. फडणीस यांच्या शब्दांवाचून बोलणाऱ्या चित्रांत स्त्री आणि पुरुष दोघेही सारख्याच निर्मळ गमतीत सामील असतात. परंतु कित्येक दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर व खिडकीच्या चित्रांत पिढ्यान्‌पिढ्या स्त्री आली ती बहुधा दिसण्यासाठी, पाहणारा पुरुष आहे असे गृहीत धरून. घरातली गृहिणी तोच अंक दुपारी वाचीत असे, तिची मुलगी तो शाळेतून आल्यावर चाळीत असे. त्या दोघींनी त्या चित्रास हसावयाचे म्हणजे स्वतःस बाजूस ठेवून हसावयाचे. ही सवय किती पिढ्यांनी केली असेल!

याचा अर्थ जुने अंक जाळून टाकावेत असा नाही. उलट ते जपावेत असे आमचे सांगणे आहे. वऱ्हाडातील प्रत्येक मोठ्या गावी एखादे जुने वाचनालय आहे, आणि पुष्कळ घरांच्या माळ्यावर दिवाळी अंकांचे गठ्ठे आहेत. रद्दीवाल्यास ते देण्यापूर्वी प्रत्येक हास्यचित्राचा कोपरा पाहावा. तेथे बाईचे नाव दिसले तर अंकाचे नाव, वर्ष व पान यांसह ते एका वहीत उतरून घ्यावे. नुसते आडनाव किंवा आद्याक्षरे दिसली तर तीही लिहावीत. टार्पे आणि डेल यांची कथा आपण आताच पाहिली. कोणाच्या आजीने तरुणपणी मासिकास चित्र धाडले असेल, ते छापून आले असेल किंवा साभार परतही आले असेल, तर तिच्याकडून तिच्या हयातीतच विचारून घ्यावे. असा एक कागद पन्नास वर्षांनंतर इतिहासाचे साधन ठरतो.

संपादकांस एक विनंती आहे. अनुक्रमणिकेत लेखाचे व कवितेचे जसे नाव छापतात तसे प्रत्येक हास्यचित्रापुढे काढणाऱ्याचे संपूर्ण नाव छापावे. ‘हास्यचित्रे’ एवढी एकच ओळ घालून मोकळे होऊ नये. चित्रकाराशी जो व्यवहार होईल तो कागदावर करावा आणि पात्राचे हक्क ज्याचे त्याच्याकडे राहू द्यावेत. मार्जबाईंचे नाव टिकले आणि रूथबाईंचे हरवले, यांत अंतर फार तर एका करारपत्राचे होते.

आणि आईबापांस सांगणे एवढेच की, वहीच्या मागच्या पानावर मुलगी वर्गशिक्षकांचे किंवा घरातल्या काकांचे गमतीचे चित्र काढीत असेल, तर पान फाडू नये. चित्र चांगले आहे की वाईट हे पुढे ठरेल. आधी तिला सांगावे की, खाली आपले नाव लिही, आणि पुरे लिही.